तानबाजींचं कार्ड

अंकित, तो मोबाइल पालथा ठेव. काजल, दार लोटून घे, आणि मग भीती वाटली म्हणून मध्यरात्री मला उठवू नकोस. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. रूपराव माझ्या रोजच्या बैठकीतला माणूस, हिंगणघाटला आमच्या वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल. घडलं ते त्यानं मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं.

तारीख बारा जानेवारी २०२५. रविवार, पौर्णिमेची आदली रात्र. नऊच्या सुमारास रूपराव जेवून, थर्मासमध्ये चहा आणि खांद्यावर चादर घेऊन वाचनालयाकडे निघाला. काम साधं होतं, रात्रभर पहारा द्यायचा. डिसेंबर लागल्यापासून दर रविवारी रात्री कपाटातून एक पुस्तक नाहीसं होत होतं. कुलूप जागच्या जागी, खिडक्या बंद, आणि पुस्तक गायब. अशी सहा गेली. सगळी शिकारीच्या गोष्टींची.

सोमवारी पडताळणी होती. सचिव मधुकरराव सगळ्यांसमोर बोलून गेले होते, "चावी तुमच्याचपाशी राह्यते, रूपरावजी. मंग आमी कोनाले इचारू?" पुस्तकं सापडली नाहीत तर चावी टेबलावर ठेवून घरी बसायचं. घरी तरी कोण होतं? बायको शकुबाई जाऊन तीन वर्षं झालेली, पोरगी रक्षा नागपूरला. चोर म्हणवून घेऊन त्या रिकाम्या घरात एकट्यानं दिवस काढायचे.

आतून कडी लावून तो टेबलाशी बसला. वाचनालयाची पद्धत तुम्हाला ठाऊक नसणार, तुमचं सगळं बोटावर. आमच्याकडे अजून कार्ड चालतं. पुस्तक नेलं की त्या पुस्तकाची चिठ्ठी आणि तुमचं कार्ड टेबलावरच्या लाकडी ट्रेमध्ये उभं राहतं. पुस्तक आणून दिलं की कार्ड परत. ट्रेमध्ये कार्ड असलं तर पुस्तक नेलेलं. नसलं तर चोरलेलं.

अकराच्या पुढे त्याची नजर खिडकीजवळच्या बाकाकडे गेली. ती तानबाजींची जागा. कापसाच्या जिनिंग गिरणीतून निवृत्त झालेला एकटा जीव, रोज सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर. ऑक्टोबरात वाघाच्या शिकारीचं एक पुस्तक हरवलं. शेवटचं त्यांच्या हातात दिसलं होतं, म्हणून रूपरावानं सगळ्यांदेखत त्यांचं कार्ड फाडलं. दोन्ही तुकडे उचलून म्हाताऱ्यानं खिशात घातले. पुढं महिनाभर ते पायरीवर येऊन बसत, तपकीर ओढत. आत पाऊल मात्र टाकलं नाही. नोव्हेंबर सरता सरता आपल्या खोलीतच वारले. शेजाऱ्यांना दोन दिवसांनी कळलं.

आणि त्याच आठवड्यात ते पुस्तक कपाटामागे पडलेलं सापडलं. रूपरावानं धूळ झटकून ते फळीवर ठेवलं आणि गप्प बसला. लाज वाटली, दुसरं काय.

दीड वाजता लाइट गेली.

बाक करकरला. उंदीर असेल, रूपराव मनाशी म्हणाला. मग पान उलटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं... आणखी एक. कोणी सावकाश वाचत असावं तसं. खिडकीतून चांदणं थेट बाकावर पडलं होतं.

बाकावर कोणी नव्हतं.

"कोन हाय?"

पान उलटलं.

तपकिरीचा वास आला. रूपरावाला उठता येईना. बोलला तेव्हा त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"तानबाजी... ते पुस्तक सापडलं जी. कपाटामांगं पडलं होतं. म्या... म्या कोनालेच सांगतलं नाई."

पानं थांबली.

"तुमी चोर नव्हते. उद्या सांगतो. समद्यायले सांगतो..."

मग बाक पुन्हा करकरला. पावलं. टेबलाच्या दिशेनं. अगदी जवळ... थांबली. रूपरावानं डोळे घट्ट मिटले. ट्रेमध्ये काहीतरी सरकलं. तेवढंच.

डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं. कडी आतून तशीच. बाकावर सहा पुस्तकं नीट रचून ठेवलेली.

दहाला मंडळी जमली. रूपरावानं आधी तानबाजींचं सांगितलं, उभं राहून, रडत रडत. मग मोजणी झाली. सगळी भरली, एक सोडून. तेच, वाघाचं.

मधुकररावांनी चष्मा काढला. "आता हे बी चोरीले गेलं?"

रूपरावानं ट्रे पुढं ओढला. त्या पुस्तकाच्या चिठ्ठीला लागून एक कार्ड उभं होतं.

"नाई जी," तो म्हणाला. "चोरीले नाई गेलं. नेलं हाय."

कार्ड मधोमध फाटलेलं होतं, आणि पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं. म्हाताऱ्या माणसानं घालावेत तसे मोठे, वाकडे टाके.