दोनदा वाजलं की थांबायचं

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण माझी आई उगाच काहीबाही सांगणाऱ्यातली नाही, आणि हे तिच्या डोळ्यांदेखत घडलंय.

रात्रसुद्धा नव्हती... रविवारची भरदुपार होती.

जागा, मामाचं वर्कशॉप.

मामा गाड्यांच्या काचांवरचे ओरखडे घालवतो. काचेवर पांढरी पेस्ट, त्यावर मशीनचं फिरणारं पॅड, मधूनमधून पाणी. हे काम दोघांचं होतं. मामा बाहेरून घासून पुसायचा, मामी गाडीत बसून उजेडात बघायची. काचा बंद, त्यामुळे बोललेलं ऐकू यायचं नाही. म्हणून मामी अंगठीने काच वाजवायची.

टक... म्हणजे अजून आहे.

टक-टक... म्हणजे गेला, थांब.

मामी जाऊन वर्ष होत आलं होतं. गिऱ्हाइकं तुटली. मामा मागच्या खोलीत एकटाच राहायचा. "दादा, सामान आवर, माझ्याकडे ये," हे सांगून सांगून आईचं तोंड दुखलं.

शेवटी तो म्हणाला, "येतो गं. आपली गाडी तेवढी विकू दे. काचेवर एक ओरखडा आहे, तो गेला की निघालो."

ओरखडा मामीचाच होता. दुपारी मामा गाडीत ताणून द्यायचा आणि मामी बाहेरून अंगठीने काच ठोकून या कुंभकर्णाला उठवायची.

त्या रविवारी आई त्याला न्यायलाच गेली. मामा काच घासत होता. त्याने मशीन बंद केलं, काच पुसली. आईने नख फिरवून पाहिलं. कुठे काही अडकत नव्हतं.

"गेला की रे!"

"थांब. तिला सांगू दे."

आईने आत डोकावून पाहिलं. गाडी रिकामी होती. दारं लॉक. चावी भिंतीवरच्या खिळ्याला.

"दादा, असं काय बोलतोस?"

"रोज सांगते. एकदाच वाजवते. अजून आहे म्हणते. दोनदा वाजवलं की मी तुझ्याबरोबर आलोच बघ. शब्द आहे माझा."

मामाने फडकं खांद्यावर टाकलं.

आणि... काचेच्या आतून...

टक-टक.

दोनदा. अगदी स्पष्ट.

तिने मामाकडे पाहिलं. तो हसत होता, पण ओठ थरथरत होते.

"ऐकलंस ना?" तो म्हणाला. "एकदाच."

खरं सांगितलं असतं, तर भाऊ त्याच संध्याकाळी घरी आला असता. 'दोनदा' हा शब्द आईच्या जिभेवर होता. पण त्याचं तोंड बघून तिला तो बाहेर काढवेना.

"हो दादा. एकदाच."

मामाने पुन्हा पेस्ट लावली. आई एकटीच निघाली. फाटकाशी पोहोचली, तेव्हा मागे मशीन थांबलं...

टक-टक.

मग परत. टक-टक. या वेळी जोरात. मामी वैतागली की अशीच वाजवायची.

मशीन पुन्हा सुरू झालं.

मामा अजून तिथेच आहे. आई फोन करते. "झालं का रे?" "अजून आहे," तो म्हणतो. आपण भावाला एकटं टाकलं, की वहिनीला अडकवून ठेवलं, हे तिला कळत नाही. ती रडते.

फोन ठेवण्याआधी ती थोडा वेळ नुसती ऐकत बसते. एकदा मीही त्या फोनला कान लावला होता...

आता लावत नाही.