लॅनीची नळी

कोल्टर, ती नळी खाली ठेव. आज फुंकायची नाही. रीस, तूसुद्धा. चंद्र बघितलात का केवढा आलाय? अशा रात्री एल्क रात्रभर उघड्यावर चरतात, माजावर आलेले नर शीळ घालत फिरतात आणि उजाडायच्या आत ती घोड्याएवढाली हरणं दाट झाडीत जाऊन बसतात. सकाळी धनुष्य घेऊन जाल आणि हात हलवत परत याल. पण नको म्हणतो ते एवढ्यासाठीच नाही. पेट्रोल पंपापलीकडे ऑरिन टेट राहतो ना, कुणाशी न बोलणारा? त्याचं ऐका.

ऑरिन आणि त्याचा धाकटा भाऊ लॅनी दरवर्षी याच रस्त्याच्या टोकाला तंबू ठोकायचे. नळी फुंकून नराची शीळ काढायची, की खरा नर चिडून जवळ येतो. पण उत्तर जनावराचं की माणसाचं, हे कळायचं कसं? एकदा हे दोघे एकमेकांनाच नर समजून बाण चढवून रांगत आले होते. आईनं दोघांची चांगली खरडपट्टी काढली. तेव्हापासून ठरलं, शीळ घातली की नळी झाडावर दोनदा आपटायची. टक टक. म्हणजे मी माणूस आहे.

तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या पौर्णिमेला, कळप कुठे आहे ते ऐकायला लॅनी एकटाच वर गेला. ऑरिन तंबूत होता. रात्रभर वरून शीळ येत होती. एकाच जागेवरून. टकटक नव्हती. "माजलाय लेकाचा," असं म्हणून ऑरिननं कूस बदलली. पहाटे शीळ थांबली. लॅनी आलाच नाही. शोधणाऱ्यांना त्याचं धनुष्य वरच्या दगडांच्या घसरणीवर सापडलं. तिथे हाताशी एक झाड नाही. बिचारा पडल्या जागी दगडावर आपटत राहिला असला, तरी तो आवाज तंबूपर्यंत पोचत नाही. मग बर्फ पडलं आणि शोध थांबला.

पुढच्या सप्टेंबरात, एका मंगळवारी, ऑरिन हिवाळ्याची लाकडं आणायला निघाला. म्हातारी आर्डिथ, त्याची आई, दारात उभी होती.

"वाळकी बघून आण. गेल्या खेपेची नुसता धूर करतात."

"हो गं आई."

"आणि त्याचं काहीतरी आण. बूट आण, बटण आण. पुरायला काहीतरी लागतं रे. रिकामी पेटी नाही पुरणार मी."

"आई, वर्ष झालं आता."

"मला नको सांगूस किती झालं ते."

लाकडं भरेपर्यंत अंधार पडला. रस्ता वाईट, म्हणून तो गाडीतच आडवा झाला. पौर्णिमा आहे हे ध्यानातच नव्हतं, असं तो सांगतो. मला ते पटत नाही.

मध्यरात्र उलटली आणि शीळ आली.

वरून. त्याच जागेवरून.

या खेपेला तो झोपून राहिला नाही. विजेरी घेतली आणि धापा टाकत दगडांपर्यंत चढला. कुणी नाही. तेवढ्यात शीळ खालून आली, गाडीच्या बाजूनं. तो धावत उतरला. पडला. गुडघे फुटले. गाडीपाशीही कुणी नाही.

"लॅनी… मी आलोय रे. कुठे आहेस?"

झाडी गप्प.

"मला वाटलं नर आहे… खरंच वाटलं रे…"

त्यानं विजेरी चौफेर फिरवली.

तो गाडीत शिरला. काचा चढवल्या. ढसाढसा रडला. श्वासानं काचा धुरकटल्या. बाहेरचं दिसेना.

मग शीळ आली. अगदी जवळून.

आणि दाराच्या पत्र्यावर…

टक.

टक.

ऑरिन मला म्हणाला, "हॉलिसकाका, माझा हात कडीवर होता. बाहेर माझाच भाऊ होता. तरी नाही उघडलं."

उजाडलं. गवतावर, लाकडांवर, सगळीकडे दंव गोठलेलं. त्यावर त्याच्या स्वतःच्या बुटांखेरीज एकही पाऊल नव्हतं. बाहेरच्या कडीला नळी अडकवलेली होती. लॅनीची. पट्ट्यावर आईनं शिवलेलं नाव. नळीचं तोंड ओलं होतं.

घरी पोचेपर्यंत दुपार झाली. त्यानं नळी आईच्या हातात दिली. तिनं नाव चाचपलं, नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला.

"हे गरम आहे, ऑरिन."

"हो."

"म्हणजे तो होता तिथे."

तिनं नळी छातीशी धरली.

"आणि तू त्याला सोडून आलास? पुन्हा?"

पुरायला वस्तू मिळाली होती, पण गरम वस्तू कोण पुरेल? म्हातारी वसंतात गेली. तोवर ऑरिनशी एक अक्षर बोलली नाही. तो अजून दर पौर्णिमेला इथे येतो, आजही आला असेल, गाडीचं दार सताड उघडं ठेवून बसतो. कुणी येत नाही. आता येणारही नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

परवा मी त्याच्याकडे कॉफीला गेलो होतो. नळी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलीय. "हात लावून बघा, काका," म्हणाला. मी नको म्हटलं. त्यानं ती खिळ्यावरून काढून माझ्यापुढे धरली.

मग लावला…

अजून गरम आहे.