दुपारचं लोखंड

“हात काढा... कृपा करून हात काढा तिथून.”

मी दचकून वळले. मामांच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या बोरिंग मशीनला कुणीतरी चकचकीत पोलादी दांडा लावून ठेवला होता, आणि तो मी सहज मुठीत धरला होता. मागे एक अनोळखी तरुण उभा होता. बाहेरून पेटी आणताना पावसात नखशिखांत भिजलेला, पण छातीशी धरलेली ती पेटी मात्र कोरडी.

“इथलं मापन मी बघते,” मी म्हटलं. “हात कुठे ठेवायचा ते मला शिकवू नका.”

तो रागावला नाही. दांड्याच्या टोकाशी टेकवलेल्या डायलकडे त्याने बोट दाखवलं. काटा सरकला होता.

“तुमच्या तळव्याच्या उबेने वाढला,” तो हळूच म्हणाला. “केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून कमी... पण वाढला.”

मी मूठ सोडली. काटा सावकाश मागे आला, कुणी श्वास सोडावा तसा. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे शाळेत घोकलं होतं. पण माझ्या एवढ्याशा हाताने पोलाद वाढतं? अंगावर काटा आला.

त्याचं नाव गुमिलार. बांडुंगच्या तंत्रनिकेतनातून मामांनीच त्याला बोलावलं होतं. चिहेजो या डोंगरातल्या गावासाठी आम्ही पाण्यावर वीज करणाऱ्या छोट्या टर्बाइनचं कवच करत होतो. सकाळी मशीन अचूक चाले. दुपारी छपराचा पत्रा तापला की बोअर, म्हणजे कवचात कोरायचं गोल भोक, बिघडे. कवचाचं एक ओतीव कास्टिंग असंच भंगारात गेलं होतं. दुसरंही गेलं असतं, तर गाव आणखी वर्षभर अंधारात राहिलं असतं आणि तोट्यापायी मामांनी मशीन विकलं असतं.

गुमिलारने पेटीतली इवलीशी तापमापकं मशीनच्या अंगभर चिकटवली. कुठला भाग किती तापला की कापायचं हत्यार किती सरकतं, याचं तो गणित बांधत होता. मग मशीन आपणहून हत्यार तेवढंच मागे घेणार होतं, चूक घडायच्या आधीच. पडद्यावर तापमानाची रेषा चढताना मी काम विसरून बघत राही. ते थंड, मुकं लोखंड दिवसभर फुलत होतं, आक्रसत होतं, आणि आम्ही चार वर्षं त्याच्या शेजारून नुसते चालत होतो!

दुपारी तो माझ्या डब्यातला केळीच्या पानातला भात खाई. सांबलच्या तिखटजाळ चटणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी म्हटलं, एक तापमापक तुमच्या नाकावरही लावू या.

“माझं तापमान नका मोजू, नेंग इमास,” आमच्याकडे तरुण मुलीच्या नावाआधी लावतात तो ‘नेंग’ लावून तो पानात बघत म्हणाला. “सगळं गणित कोलमडेल.”

मी उरलेला भात त्याच्याकडे सरकवला.

भंगारातल्या तुकड्यावरची पहिली चाचणी फसली. दुपारचा बोअर पुन्हा तिरका. तो हिरमुसला, आणि ते मला बघवेना. मी मापं पुन्हा घेतली. चूक दर वेळी एकाच बाजूला जात होती. पश्चिमेचं शटर उघडं असे, आणि ऊन मशीनच्या खांबाच्या एकाच अंगावर पडे.

“खांब नुसता वाढत नाहीये,” मी म्हटलं. “वाकतोय. उन्हाकडे पाठ फिरवतोय.”

शटर लावलं असतं तर आत माणसं शिजली असती. म्हणून त्याने त्या अंगाला आणखी दोन तापमापकं लावली आणि गणित नव्याने मांडलं.

मग खरा जॉब, म्हणजे ते दुसरं कास्टिंग, मशीनवर लावला. संध्याकाळी काम संपलं, पण गरम जॉब मोजून उपयोग नव्हता; रात्रभर निवू दिला. सकाळी मी भोक मोजायचा गेज आत घातला.

“साइजमध्ये आहे,” मी म्हटलं.

“दिसलं.”

“गेजकडे तर तुम्ही पाहिलंच नाही.”

“तुमच्या चेहऱ्यावर दिसलं.”

त्याचं काम संपलं, तो गेला. कित्येक आठवडे मी शटरच्या दिशेने उगाच बघत असे.

चिहेजोला टर्बाइन सुरू करायच्या दिवशी तो दिसला, चिखलात गुडघ्यापर्यंत माखलेला. दिवेलागणीला पाणी सोडलं. आधी एक खिडकी उजळली... मग दुसरी... मग अख्खा डोंगरउतार. कुणी टाळी वाजवली नाही. म्हाताऱ्या बायका नुसत्या उभ्या होत्या.

“रविवारी आईला घेऊन तुमच्या घरी यावं म्हणतो,” तो शेजारी येऊन म्हणाला.

“कशासाठी?” ठाऊक असूनही मी विचारलं.

“तुम्हाला मागणी घालायला.”

त्याच्याकडे बघायचा धीर होईना. मी दिव्यांकडेच बघत होते. आमच्याकडे बायका नवऱ्याला ज्या शब्दाने हाक मारतात, तो कसा ओठांवर आला कोण जाणे.

“रविवार फार लांब आहे... कांग.”

“मग उद्या येतो,” तो म्हणाला.