रुपयाला चार आणे

"माझ्या मावशीवरचा आळ तेवढा काढा, मॅडम," पैलवान कानिफनाथ म्हणाला.

काष्टीच्या कुस्त्यांत शेवटच्या लढतीला तो झापड आल्यासारखा उभा राहिला होता. कोपरगावच्या नवख्या पोरानं त्याला सहज चीत केलं. दवाखान्यात रक्त तपासलं, तर झोपेचं औषध निघालं. लढतीआधी त्यानं दोनच गोष्टी घेतल्या होत्या. रंगूमावशीनं दिलेलं दूध आणि मित्र श्रीमंतनं दिलेलं लिंबूपाणी. आई गेल्यावर ज्या मावशीनं त्याला वाढवलं, तिच्याकडंच आता गाव बोट दाखवत होतं.

"कुस्तीवर सट्टा होता?" गुप्तहेर राजनंदिनी शेळके यांनी विचारलं.

"व्हय. माझ्यावर भाव रुपयाला चार आणे, त्या पोरावर रुपयाला तीन रुपये."

"म्हणजे पोरगाच भारी की!" त्यांचा सहकारी भागवत म्हणाला. राजनंदिनी नुसत्या हसल्या.

दुपारी तिघं काष्टीत पोचले. रंगूबाईंनी आधी कानिफला जवळ बसवलं.

"दूध मीच दिलं. न्हाई कशाला म्हनू?" त्या म्हणाल्या. "पर त्याला आता बरं हाय ना?"

कानिफला मान वर करवेना.

मग श्रीमंतला गाठलं. तो मात्र उसळला. "मी घात करीन? हजार रुपये लावल्ते मी कानिफवर! जिंकला आसता तर वर तीन हजार सुटले आसते. माझंच नुकसान झालं."

"हा सुटला," भागवत कुजबुजला. "स्वतःचे पैसे कोण बुडवील?"

संध्याकाळी राजनंदिनींनी सगळ्यांना तालमीच्या ओट्यावर बसवलं.

"भागवत, भाव भारी म्हणजे पैलवान भारी नव्हे. जो जिंकणार असं सगळ्यांना वाटतं, त्याच्यावर नफा थोडा. ज्याची आशा कमी, त्याच्यावर जास्त. कानिफवर रुपयाला चार आणे. मग हजारावर किती सुटले असते?"

भागवतनं बोटांवर हिशेब केला. "अडीचशे... मग तीन हजार?"

"ते कोपरगावच्या पोरावर. श्रीमंतनं मनातला आकडा बोलून दाखवला. नवख्यावर कुणीही पैसे लावील. पण ते लपवून कानिफवर लावले असं खोटं का सांगावं? लिंबूपाणीही यानंच दिलं होतं."

श्रीमंतचा चेहरा उतरला. "गोळी मीच टाकली," तो पुटपुटला. "चुकलो."

रंगूबाईंनी राजनंदिनींपुढं हात जोडले. "बाई, लई उपकार झाले तुमचे." मग त्या कानिफकडं वळल्या. "गाव काय बी म्हनलं, तरी तू रोज माझ्या हातचंच जेवलास. त्यावरच तग धरला रे मी."

कानिफनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.