रामहरीचं फाटक

शनिवारी सकाळी साळवे सर सुप्याहून राहात्याला निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लिडियाबाईंनी दारातच टोमणा मारला, "शाळा सुटली, पण आगगाडी काही सुटली नाही तुमची." सर नुसते हसले. शलमोन साळवे चित्रकलेचे शिक्षक, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. टेबलावर मावणाऱ्या छोट्या आगगाड्यांचं वेड मात्र जुनंच. जिल्ह्यात कुठं असं प्रदर्शन भरलं, की पिशवीत भिंग टाकून सर हजर.

भिंग कशाला, तर दुसऱ्यांच्या चुका काढायला. कुणाचा सिग्नल उलट्या बाजूला, कुणाच्या फलाटाची उंची जास्त. चूक सापडली की सरांचा दिवस सार्थकी लागायचा. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, हे त्यांच्याकडं बघून पटायचं.

या छंदी मंडळींची एक रीत होती. पाहुण्यानं स्वतः रंगवलेलं एक माणूस यजमानाच्या टेबलावर आठवण म्हणून ठेवायचं. शेंगदाण्याएवढं माणूस, पण त्यात प्रत्येकाची अब्रू पणाला लागलेली. मागल्या वर्षी पारनेरच्या प्रदर्शनात रामहरी नावाच्या म्हाताऱ्याच्या टेबलावर सरांनी आपला मुलगा ठेवला होता. मोटरसायकलवर बसलेला नोहा, लाल हेल्मेट, हेल्मेटवर पिवळी पट्टी. खऱ्या हेल्मेटवरची पट्टीही सरांनीच चिकटवलेली. सगळ्यांनी वाहवा केली होती. यंदा त्यांनी लिडिया आणली होती. निळी साडी, हातात डब्याची पिशवी. काडेपेटीत कापूस घालून ती त्यांनी शर्टाच्या खिशात जपून ठेवली होती.

राहात्याच्या शाळेच्या हॉलमध्ये चांगली गर्दी होती. पारनेरच्या केशरबाई, निवृत्त अंगणवाडीताई, भेटल्याबरोबर त्यांनी सरांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. "खावा सर. दमून आलात." रामहरीचं टेबल मात्र मागच्या खोलीत होतं. तिथं पडदे ओढलेले. आत गेल्यावर बाहेरचा गलबला एकदम तुटला. तापलेल्या लोखंडाचा वास येत होता.

टेबलावरच्या इवल्या खांबांवर दिवे जळत होते. सरांनी भिंग लावलं आणि त्यांना हसूच फुटलं. सुप्याचा रस्ता होता तो. एमआयडीसीचा फाटा, चहाची टपरी, वाकलेला बोर्ड, सगळं हुबेहूब. आणि बरोबर फाट्यावर रस्त्याला आडवे रूळ, रुळांवर उघडं फाटक.

"रामहरी, मी रोज जातो तिथून. त्या फाट्यावर रेल्वे नाही. रूळ कुठून आणलेत?"

"न्हाईत तितं," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तरी गाडी जाती."

सर पुढं काही बोलणार, तोच त्यांची नजर फाटकावर गेली. लाल हेल्मेट. पिवळी पट्टी. नोहा रुळांपासून बोटभर अंतरावर होता. गाडी शिट्टी देत गेली, एक लांब, दोन तुटक. फेरी मारून ती परत आली तेव्हा नोहा अर्ध्या बोटावर आला होता. मोटरसायकलला यंत्र नव्हतं. ती सरांनीच बनवली होती, त्यांना ठाऊक नसणार तर कुणाला?

पुढच्या फेरीनंतर तो रुळांच्या मधोमध उभा होता.

सरांनी फोन लावला. "नोहा, कुठंयस?"

"फाट्यावर, पप्पा. बाइक बंद पडलीये रस्त्यातच. ढकलतोय, पण हलत नाही. चाक कशात तरी अडकलंय..."

"सोडून दे ती! बाजूला हो!"

"पाय पण... थांबा जरा..."

"गाडी थांबवा, रामहरी!" सर ओरडले.

"ती थांबत न्हाई सर. मानूस काढता येतं. पर एक उचललं की एक ठेवायचं. रिकामं फाटक तिला चालत न्हाई." म्हातारा किंचित हसला. "बहुतेक लोकं शिपाई ठेवत्यात, भाजीवाली ठेवत्यात. तुमी घरचंच मानूस ठेवलं. लई उमदं काम हाय तुमचं."

गाडी वळणावर आली होती. सरांचा हात खिशातल्या काडेपेटीकडं गेला आणि तसाच मागं आला. नाही, लिडिया नाही. फलाटावर एक हिरव्या ड्रेसमधली मुलगी उभी होती. कुणाची कोण! सरांनी नोहाला उचललं आणि त्याच्या जागी तिला ठेवलं.

गाडी गेली. नख तुटावं तेवढाच आवाज झाला. फाटकावर कुणीच नव्हतं.

"पप्पा! सुटली एकदम!" नोहा फोनवर हसत होता. सरांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलीचा विचारही त्यांच्या मनात आला नाही.

पडदा सरकला. केशरबाई आत आल्या, टेबलावर वाकल्या, पुन्हा वाकल्या. "सर, माझी रेश्मा हितं फलाटावर हुती. हिरवा ड्रेस. माझी लेक वो. तुमी पायली का?"

सरांच्या तोंडात अजून केशरबाईंच्याच लाडवाची चव होती. "नाही बाई," ते म्हणाले. "मी आत्ताच आलो."

केशरबाईंच्या पिशवीत फोन वाजायला लागला.

सर दाराकडं सटकले. मागून रामहरीचा हलका आवाज आला, "सर, ती पोरगी माझ्याच टेबलावरची हुती. तुमी उचललं एक. नवं ठेवलं कुटं?"

सर ऐकलं न ऐकल्यासारखं करून बाहेर पडले. फोन कानाला लावलेल्या केशरबाईंची किंकाळी हॉलच्या दारापर्यंत ऐकू आली. सरांनी मागं वळून पाहिलं नाही. तडक स्टँडवर येऊन बाकावर बसले. मूठ उघडली. नोहा होता, सुखरूप. त्याला जपून ठेवायला त्यांनी काडेपेटी काढली.

आत नुसता कापूस होता. त्यावर निळा रंग लागलेला, बोटाला चिकटेल इतका ओला. लिडियाची साडी त्यांनी महिन्यापूर्वी रंगवली होती.

त्यांनी लिडियाबाईंना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. मग नोहाचा आला.

"पप्पा, मी अजून फाट्यावरच आहे. डबा घरीच विसरलो होतो. मम्मी घेऊन आलीये बघा. रिक्षातून उतरली. पलीकडंच आहे, रस्ता ओलांडतीये."

"तिला थांबव! नोहा, तिला म्हणावं तिथंच उभी राहा..."

"मम्मी!" नोहानं हाक मारली. मग फोनवर म्हणाला, "थांबलीये ती. पण मधेच थांबलीये, पप्पा. पायाकडं बघतीये."

फोनमधून एक लांब शिट्टी आली. मग दोन तुटक.

"पप्पा," नोहानं विचारलं, "इथं रेल्वे कुठंय?"