दुसरीचे डोळे

घाटकोपरच्या भटवाडीत लवू पेंटरला सगळे ओळखत. संपात गिरणी बुडाली तसा त्यानं ब्रश धरला. शिकला कुणाकडे नाही. पिठाची गिरणी, सलून, दवाखाना, सगळ्यांच्या पाट्या त्याच्याच. मेलेल्यांचे फोटोही मोठे करून रंगवायचा. फोटोवर चौकोन आखायचे, फळीवर आखायचे, एकेक उतरवत जायचं. डोळे मात्र तो फोटोत बघतच नसे. कॅलेंडरातल्या देवीचे डोळे हातात बसले होते, तेच ठोकून द्यायचा. गिऱ्हाईक रडायचं आणि म्हणायचं, झकास.

मग त्याची बायको प्रेमा गेली. काविळीनं, सात दिवसांत. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं तेव्हा मुलगी मालन म्हणाली, "गावभरचे मुडदे रंगवता बाबा. आई तेवढी भिंतीवर नाही."

"फोटो कुठाय तिचा?"

लग्नातला एकच होता. त्यात प्रेमाची मान खाली आणि मुंडावळ्या तोंडावर.

"फोटो कशाला हवा? वीस वर्षं समोर होती ना तुमच्या?"

लवू फळी घेऊन बसला आणि तिथंच त्याची वाट लागली. हनुवटी कशी होती? भुवया? संपाच्या दिवसांत ही बाई पहाटे माहुलला जायची, जवळा आणून दारोदार विकायची, त्यावर घर जेवायचं. आणि या मर्दाला लाज वाटायची. तिच्या अंगाला वास येतो म्हणून तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. ज्या माणसाकडे बघितलंच नाही, ते आठवणार कुठून?

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून तो माहुलला गेला. ओहोटी होती. काळा चिखल लांबवर उघडा पडला होता, मागं रिफायनरीच्या चिमणीची ज्योत उन्हात फिकट दिसत होती. धक्क्यावर म्हादू नावाचा म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता.

"प्रेमा म्हणून एक बाई जवळा न्यायची. आठवते तुम्हाला?"

"डाव्या कडेवर पाटी घेते ती? खांदा वाकडा झालाय तिचा."

मेलेल्या माणसाबद्दलही 'आहे' म्हणूनच बोलायचं, म्हाताऱ्यांचं असंच, लवूला वाटलं. त्यानं बरोबर आणलेल्या फळीवर वाकडा खांदा उतरवून घेतला. अगदी तिचाच.

"आणि तोंड?"

"उद्या ये."

म्हादू जाळ्याचं भोक आधी कापून मोठं करायचा. कुजलेला दोरा सगळा काढायचा, मग गाठ गाठ विणायचा. लवू चिडला. "शेजारच्या जाळ्याचा तुकडा लावा की. दहा मिनिटांचं काम."

"दुसऱ्या जाल्याचा तुकडा आमी लावत नाय, पेंटर. तिथूनच फाटतं परत."

लवू रोज दुपारी जाऊ लागला. म्हादू दिवसाला एकच गोष्ट सांगायचा. कानाची पाळी चिरलेली. हनुवटीवर तीळ. घरी मालनला विचारलं तर ती म्हणायची, "हो. तुम्हाला माहीत नव्हतं?" बसमध्ये लवू आता बायकांचे चेहरे नीट बघायचा, थकलेल्या, पाट्या घेतलेल्या. हात शांत झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशाची घाई नव्हती.

नवव्या दिवशी म्हादू म्हणाला, "आज हिरवं पातळ होतं. हात भरून हिरवा चुडा. कपाळभर कुंकू."

"आज?"

"सकालचीच आली होती."

लवूच्या हातातला ब्रश तसाच राहिला. ते पातळ त्यानंच आणलं होतं. तिरडीवर नेसवायला.

तो उठून गेला नाही. चेहरा हवा होता.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी फक्त डोळे उरले.

"तिनं अजून वर बघितलं नाय," म्हादू म्हणाला. "थांब."

"उद्या श्राद्ध आहे."

"मग घाई तुला हाय. तिला नाय."

लवू घरी आला. फळी भिंतीला टेकवली. आणि हातात बसलेले देवीचे डोळे पाच मिनिटांत काढून मोकळा झाला.

श्राद्धाला आलेली माणसं म्हणाली, साक्षात प्रेमा. मालन बराच वेळ चित्रापुढे उभी राहिली. मग आत जाऊन भांडी घासू लागली.

दुसऱ्या दिवशी लवू सकाळीच माहुलला गेला तेव्हा म्हादूनं मान वर केली नाही.

"काय केलंस रे तू तिचं?"

"काय झालं?"

"आज चाचपडत आली. धक्का दिसेना तिला. दोनदा चिखलात पडली. मी हात धरून वर घेतली."

लवू घरी पळाला. फडक्यावर टर्पेंटाइन घेऊन त्यानं ते डोळे पुसून काढले, खालचा लाकडी रंग दिसेपर्यंत. दुपारी फळी घेऊन परत धक्क्यावर येऊन बसला. म्हादूची जागा रिकामी होती. विणायची सुई तेवढी जाळ्यात अडकलेली.

"तू ये सावकाश, प्रेमा. मी थांबतो," लवू पाण्याकडे बघत म्हणाला. "या वेळी थांबतो."

भरती चढू लागली.

मागून चिखलातून पाय ओढल्याचा आवाज आला. थांबला. परत आला.

ओल्या जवळ्याचा वास आला. लवूनं या वेळी तोंड फिरवलं नाही.

गार बोटं आधी त्याच्या खांद्याला लागली. मग मानेला. गालाला. बांगड्या किणकिणल्या.

बोटं सावकाश वर सरकली आणि त्याच्या पापण्यांवर येऊन थांबली. कसलीच घाई नसल्यासारखी ती डोळ्यांचं माप घेऊ लागली.