लाल दाखवलेला माळ

माझा राग लई वाईट हाय, आधीच सांगते. घाटनांदूरच्या माळावर माझ्या शेळ्यांच्या मधोमध एक माणूस टॅब धरून उभा, अन् मला म्हणतो, "जरा शेळ्या बाजूला घ्या, फोटो काढायचाय."

"तुमीच का ते भागवत, नकाशावाले?"

तोच होता. उपग्रहाचे फोटो बघून वेडी बाभूळ, गवत मारणारं ते काटेरी झाड, कुठवर पसरली अन् पुढं कुठं पसरणार, याचा नकाशा त्यानं केलता. त्यात आमचा आख्खा माळ लाल, म्हंजे बाभळीनं भरणार असा. शेळ्या शेंगा खातात, लेंड्यांतून बी पसरवतात, म्हणून इथली चराईच बंद करायचं सरकारी साहेबांत घाटत होतं. आमच्या घरात चाळीस शेळ्यांशिवाय दुसरं काय हाय?

"खुर्चीत बसून आमच्या पोटावर पाय दिलाव तुमी."

"माझा अंदाज तीन वर्षं सगळीकडं खरा ठरला," तो हळूच म्हणाला. "फक्त इथं चुकतोय. बाभूळ यायला हवी होती... आली नाही. का, तेच बघायला आलोय."

"आली न्हाई कावून? मी अन् माझी आय रोज उपटतो म्हणून. बोटाएवढं असतंय तवर मुळासकट निघतंय. हे दिसतंय का तुमच्या उपग्रहाला?"

तो खाली बसला अन् स्वतःच उपटायला लागला. गुडघ्याएवढं झाड धरलं येड्यानं, काटा तळहातात. मी त्याचा हात ओढून घेतला, काटा काढला. तो माझ्याकडंच बघत होता.

"काट्याकडं बघा," मी फटकारलं. पण हात लवकर सोडला न्हाई मी.

मग आठ दिवस येत राहिला. मोजायचा, लिहायचा, माझी बोलणी खायचा. एक दिवस आला न्हाई, तर त्याचाही राग आला मला.

मग चराई बंद करायच्या बैठकीत सगळ्या साहेबांसमोर तो उभा राहिला. "नकाशा माझा, चूकही माझी. शेळ्या बंद केल्या तर उपटणारे हातही जातील, मग हा माळ खरंच लाल होईल." चराई चालू राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाला, "काम संपलं, बबिता. उद्या बीडला निघतो."

"जावा की."

"तुला सोडून जाववत नाही... म्हणून सांगतोय."

"मंग आठ दिवस तोंडात काय धरलंतं?" डोळे भरले माझे, रागानंच. "उद्या बीडला न्हाई, आमच्या घरी यायचं. माझ्या बापाला, आश्रुबाला इचारायचं. मला इचारत बसू नका, मी कवाच हो म्हणून बसलेय."